खदानीची जनसुनावणी लागली? ग्रामपंचायतीने आधी दोरी आणि रजिस्टर घ्यावे

माझ्या पहिल्या जनसुनावणीत मी वीस मिनिटे बोलले. मांडवात टाळ्या पडल्या, परतताना बायांनी पाठ थोपटली, रात्री कोणीतरी व्हिडिओही फिरवला. काही आठवड्यांनी इतिवृत्त हाती आले, तेव्हा त्या वीस मिनिटांची एकच ओळ उरली होती: "सरपंचांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली." समोरच्या रकान्यात कंपनीचे उत्तर: "आवश्यक त्या उपाययोजना करण्यात येतील."

आमचे गाव वणीच्या बाजूचे, वर्धा नदीपासून दोन कोसांवर. कापूस, तूर, सोयाबीन. पूर्वेला कोळशाची उघडी खदान आहे. पहिली सुनावणी तिची, आणि काही वर्षांनी दुसरी तिच्या विस्ताराची. दुसऱ्या वेळी मी सरपंच नव्हते, साधी सदस्य होते, पण तोवर कागद वाचायला शिकले होते. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतल्या ज्या पंचायतींच्या दारात आता हा प्रकार येतो आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. विरोध करायचा की नाही, हे तुमच्या गावाने ठरवावे. कसेही ठरले तरी पुढचे काम तेच आहे.

पहिले काम: आलेला कागद नेमका कोणता?

खदानीचे तीन वेगवेगळे कागद गावात येतात आणि लोक तिन्हींना "नोटीस" म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

एक, जमिनीचा. सरकारी कंपनीसाठी कोळशाची जमीन बहुतेक वेळा १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतात. कलम ४ची अधिसूचना म्हणजे नुसते शोधकाम. कलम ७ आले, की जमीन घेण्याचा इरादा जाहीर झाला. तिथून ३० दिवसांत कलम ८खाली हरकत द्यायची असते, आणि ती ज्याचे वावर आहे त्याने स्वतः द्यायची. पंचायतीच्या ठरावाने त्याची हरकत भरून निघत नाही. आमच्या गावातल्या चौघांना हे उशिरा कळले. अधिसूचना राजपत्रात छापून आली होती, आणि राजपत्र गावात कोण वाचतो?

दुसरा, जंगलाचा. झुडपी असो की राखीव, वनजमीन जात असेल तर वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली निघाल्याचा ग्रामसभेचा ठराव लागतो. केंद्राचे ३ ऑगस्ट २००९चे पत्र आहे तसे. राजुरा, कोरपना, मारेगाव, झरी जामणीकडची जी गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यांना जमीन घेण्याआधी विचारणे पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याखाली, बंधनकारक आहे. ते गाव तुमचे असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो धागा पकडा.

तिसरा कागद म्हणजे पर्यावरणीय जनसुनावणी, १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेची. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ लावते. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जापेक्षा खालचा नसलेला अधिकारी. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका मराठी दैनिकात सूचना यावी लागते. आमच्याकडे ते मराठी दैनिक येतच नव्हते. पंचायतीला आलेला लिफाफा ग्रामसेवकाच्या कपाटात घरपट्टीच्या पावत्यांखाली सापडला, तेव्हा अकरा दिवस उरले होते. म्हणून आवक नोंदवही दर सोमवारी सरपंचाने स्वतः बघावी. हे सांगायला लाज वाटते, पण सांगते.

एक गैरसमज इथेच काढते. सुनावणीत मतदान नसते आणि गणपूर्तीही नसते. गाव गेलेच नाही म्हणून ती रद्द होत नाही. उलट गोंधळ इतका झाला की लोकांना मोकळेपणी बोलताच येत नाही, असा अहवाल गेला, तर मंत्रालय सुनावणीशिवायही पुढे जाऊ शकते. अधिसूचनेतच ती सोय आहे. खुर्च्या फेकणाऱ्या पोरांना हे एकदा बसवून समजावून सांगा.

अहवाल मिळवा, आणि त्यात आपले गाव शोधा

खदानीचा हवा, पाणी, जमिनीवर काय परिणाम होईल ते सांगणारा मसुदा अहवाल कंपनी करून घेते. त्याची प्रत पंचायतीला, जिल्हा परिषदेला, जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि जिल्हा उद्योग केंद्राला मिळायला हवी. मराठी सारांश सोबत हवाच. मोठा ग्रंथ इंग्रजीत असतो, पाचसातशे पानांचा. घाबरू नका. सगळा वाचायचा नसतो. आम्ही गावातल्या एका बी.एस्सी.च्या पोरीला आणि शाळेच्या मास्तरांना घेऊन चार रात्री बसलो, आणि फक्त चार गोष्टी बघितल्या.

नकाशात आपले गाव, पांदण आणि नाला आहे का? आमचा नाला नकाशात होता, पण त्याला "हंगामी" लिहिले होते. त्याच नाल्याच्या डोहावर मे महिन्यात आमची ढोरे पाणी पितात.

हवा-पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? सहसा एकाच हंगामाचे असतात. हिवाळ्यातले असतील तर उन्हाळ्यातली विहीर त्यात दिसणार नाही.

माती आणि दगडाचा ढिगारा, ज्याला खदानीवाले ओबी म्हणतात, तो कुठे आणि किती उंच टाकणार?

कोळसा कोणत्या रस्त्याने जाणार, दिवसाला किती ट्रक?

शिवाय गावांची नावे, लोकसंख्या, पिके पडताळून बघा. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर जसाच्या तसा उतरला होता. कोकणात स्प्रूस आणि बर्चची झाडे उगवली होती! तुमच्या अहवालात असे काही सापडले तर पान क्रमांकासह लिहून ठेवा. अशी एक चूक पूर्ण अहवालाचा भरवसा घालवते.

विहिरी मोजा. आज.

माझे ऐकायचे तर बाकी सगळे सोडले तरी हे सोडू नका. पहिल्या सुनावणीत मी म्हटले, "खदानीमुळे विहिरी आटल्या." कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, आधी पाणी किती होते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. गावात सत्तर वर्षांचे म्हातारे होते, त्यांना आठवत होते. आठवणीला परिशिष्ट जोडता येत नाही.

आमच्याकडे कोळशाच्या वर ठिकठिकाणी कामठी वालुकाश्माचा थर आहे. पाणी धरणारा तोच. खदान त्या थराच्या खाली गेली, की आजूबाजूचे पाणी खड्ड्याकडे वाहते, आणि कंपनी ते पंपाने उपसून नाल्यात सोडते. म्हणून विहीर कोरडी आणि नाला भर उन्हात वाहता, असे उलटे चित्र दिसते. नाल्याचे ते पाणी पाहून "पाणी तर वाढले" म्हणणारेही भेटतात.

मोजायला काय लागते? सुताची जाड दोरी, टोकाला वजन, आणि मोजपट्टी. विहिरीच्या काठावर ऑइल पेंटने एक खूण करा आणि कायम त्याच खुणेपासून मोजा. खुणेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर लिहायचे; विहिरीत पाणी किती हात आहे, ते नाही. मोटार चालू असेल तर थांबा, निदान सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी जा. आम्ही अकरा विहिरी निवडल्या: खदानीच्या बाजूच्या सहा, मधल्या तीन आणि मुद्दाम पलीकडच्या, लांबच्या दोन. पाऊस कमी झाला तर सगळ्याच उतरतील. खदानीमुळे झाले तर जवळच्या जास्त उतरतील. लांबच्या दोन विहिरी घ्यायचे डोके मास्तरांचे, माझे नव्हे.

दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला नोंद, मोजणाऱ्याची सही, एका साक्षीदाराची सही, आणि मोबाईलवर दोरीचा फोटो. सोबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून परिसरातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मागवा. माहिती अधिकाराला १० रुपये लागतात आणि ३० दिवस. त्यांच्या आणि तुमच्या नोंदी एकाच दिशेने बोलू लागल्या, की "आधी किती होते" हा प्रश्न संपतो.

दुसऱ्या सुनावणीला आमच्याकडे तीन उन्हाळ्यांचे रजिस्टर होते. तो माणूस बदलला होता, प्रश्न मात्र तोच आला. या वेळी मास्तरांनी रजिस्टर उघडले.

काळा कापूस

एका वर्षी जिनिंगवर व्यापाऱ्याने माझ्या नवऱ्याला विचारले, "काऊन गा, कापूस चुलीत वाळवला का?" रस्त्याच्या कडेच्या वावरातली बोंडे काजळी धरल्यासारखी दिसत होती. भाव पाडला. अशा वेळी भांडून घरी येऊ नका. काटापट्टी आणि पावती जपून ठेवा. त्याच दिवशी लांबच्या वावरातल्या कापसाला मिळालेल्या भावाची पावतीही मिळवा. दोन पावत्यांतला फरक म्हणजे धुळीने केलेले नुकसान, रुपयांत. आम्ही अशा पावत्या ग्रामसभेत गोळा केल्या. सुनावणीत सर्वांत जास्त शांतता त्याच कागदांनी पसरली.

छतावर ताट ठेवून त्यात पडलेली धूळ दाखवणारे पुष्कळ असतात. फोटोला ठीक आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी मंडळाला लेखी मागा, की आमच्या शाळेच्या छतावर मोजणी करा. २००९च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे हवेतल्या बारीक धुळीची (पीएम १०) चोवीस तासांची सरासरी मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि त्याहून बारीक धुळीची (पीएम २.५) ६० आहे. चंद्रपूर २००९च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण घेऊन देशात चौथे आले होते. तुम्ही त्या पट्ट्यात असाल तर हा आकडा ठरावात घाला, कारण मग प्रश्न एका खदानीचा राहत नाही, आधीच्या भारावर आणखी भार टाकण्याचा होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून श्वासाच्या आणि त्वचेच्या रुग्णांची महिनावार संख्या मागा. नावे मागू नका, देणार नाहीत आणि देऊही नयेत.

भिंतीच्या भेगांचेही असेच. दुपारी ब्लास्टिंग झाले की भांडी वाजतात, पण भेग "जुनीच आहे" हे ठरलेले उत्तर. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. भेग वाढली तर काच तडकते. मग खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या निकषाचा आधार घ्या: गावातल्या साध्या घरांजवळ कमी वारंवारतेच्या, म्हणजे ८ हर्ट्झखालच्या, धक्क्याला ५ मिलिमीटर प्रति सेकंद ही मर्यादा आहे. कंपनीकडे यंत्राच्या नोंदी असतात. त्या दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लावा, अशी अट मागा. घुग्गुसला ऑगस्ट २०२२मध्ये आमराई वॉर्डात एक अख्खे घर जुन्या भूमिगत खाणीवर जमिनीत गेले. म्हणून तुमच्या गावठाणाखाली जुने बोगदे आहेत का, त्याचे नकाशेही मागून घ्या.

रस्ता, ढिगारा, पूर

ट्रक मोजायला पोरे मिळतात, आनंदाने. आम्ही आठवडाभर आळीपाळीने चोवीस तास मोजले. किती ताडपत्रीचे, किती उघडे, शाळेच्या वेळेत किती. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून तो रस्ता किती भाराचा आहे ते लेखी घेतले. दोन कागद शेजारी ठेवले, की "स्वतंत्र कोळसा रस्ता" ही मागणी हट्ट वाटत नाही.

ओबीच्या ढिगाऱ्याकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात, कारण तो हळूहळू वाढतो. नदीकाठी टाकलेला ढिगारा पुराचे पाणी दुसऱ्या काठावर ढकलतो. चंद्रपुरात इरईच्या काठी हे वर्षानुवर्षे बोलले जाते. २०२२च्या पावसाळ्यात वर्धा फुगली, तेव्हा आमच्याकडे जिथे कधी पाणी चढले नव्हते त्या धुऱ्यावर ते चढले. तलाठ्याचे पंचनामे, पाण्याच्या रेषेचे फोटो, विजेच्या खांबावरची खूण, सगळे जपा. मागणी एका वाक्यात करा: ढिगारा नदी-नाल्यापासून किती मीटर दूर, आणि पूररेषा कोणी आखली?

ठराव कसा लिहावा

"गावाचा खदानीस तीव्र विरोध आहे" एवढाच ठराव केला, तर उत्तरही एका ओळीचे येते. मुद्द्याला क्रमांक, पुरावा आणि मागणी, असे तीन भाग करा. आमचा एक मुद्दा असा होता:

"मुद्दा ४. मसुदा अहवालात गावाच्या पश्चिमेकडील नाला हंगामी दाखविला आहे. सदर नाल्यात मे महिन्यातही पाणी असल्याचे फोटो व गुरांच्या वापराचा तपशील परिशिष्ट ३ मध्ये जोडला आहे. नाल्याचे फेरसर्वेक्षण करून अहवालात दुरुस्ती करावी. खदानीचे उपसा पाणी प्रक्रियेविना नाल्यात सोडू नये. उपशाचे प्रमाण दरमहा पंचायतीस लेखी कळवावे."

असे चौदा मुद्दे होते. ग्रामसभेला गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव घेऊ नका. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ते. हजेरीच्या सह्या, चित्रीकरण, आणि बायांची वेगळी महिला सभा आधी घ्या. पाण्याचे मुद्दे तिथूनच आले. माणसांना हंड्याच्या फेऱ्या कुठे माहीत असतात.

नोकरीवरून गाव फुटते, हे लपवण्यात अर्थ नाही. सरकारी कोळसा कंपनीत साधारण दोन एकर जमिनीमागे एक नोकरी, हे सगळ्यांना पाठ आहे. दोन एकरवाला खूश, दीड एकरवाला भावाशी हिस्सा जुळवत बसतो, आणि मजुरी करणाऱ्या घराला काहीच नाही. सर्वांत वाईट अवस्था वावर गेले आणि घर राहिले त्यांची. धूळ, धक्के, कोरडी विहीर, आणि पुनर्वसनाच्या यादीत नाव नाही. ठरावात या घरांची यादी वेगळी जोडा. २०१३च्या भूसंपादन कायद्यातले मोबदला आणि पुनर्वसनाचे निकष २०१५पासून कोळशाच्या जमिनीलाही लागू आहेत, हे त्यात लिहा. दोन्ही गट ज्यावर सही करतील असे मुद्दे पाणी, रस्ता आणि ही यादी हेच होते. आम्ही नोकरीचा वाद त्या ठरावाबाहेर ठेवला. शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या.

सुनावणीच्या दिवशी

लेखी निवेदन आधीच मंडळाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासह. मांडवात पुन्हा एक प्रत द्या. जेवणाची पाकिटे असतात, बाहेरून गाड्या भरून आणलेली माणसेही असतात, आणि ती पहिल्या रांगांत बसतात. म्हणून आपले लोक तासभर आधी पोचवा. प्रत्येकाने एकच मुद्दा घ्यावा, क्रमांक सांगावा, तीन मिनिटांत बसावे. "मुद्दा ४ मांडते" म्हटले, की लिहिणाऱ्यालाही मुद्दा ४ लिहावा लागतो.

उठायची घाई करू नका. मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा शेवटी मराठीत वाचून दाखवणे आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी त्यावर सही करणे नियमात आहे. पहिल्या वेळी आम्ही टाळ्या घेऊन निघून गेलो होतो. दुसऱ्या वेळी अंधार पडेस्तोवर बसलो. वाचताना दोन मुद्दे गळले होते. तिथेच हात वर करून घालून घेतले. नंतर इतिवृत्त पंचायतीत आणि जिल्हा परिषदेत लावले जाते, तेही जुळवून बघा.

मंजुरी आल्यावर

बहुतेक वेळा ती येते. ताडोब्याजवळच्या लोहारा खाणीसारखे प्रस्ताव बारगळल्याची उदाहरणे आहेत, पण त्यावर विसंबून राहू नका. तुमची मेहनत मंजुरीपत्राच्या अटींत उतरली का, ते बघा. आमच्या चौदांपैकी पाच उतरल्या. पत्राची प्रत कंपनीने पंचायतीला द्यायची असते आणि पंचायतीने ती ३० दिवस फलकावर लावायची असते. राष्ट्रीय हरित लवादात अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच. सबळ कारण दिले तर आणखी ६०पर्यंत. आपला विभाग पुण्याला आहे. त्यासाठी वकील आधीच बघून ठेवा, पत्र आल्यावर शोधू नका.

मग दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला कंपनी अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल देते. तो काढून एकेका अटीसमोर आपली नोंद लिहायची. "झाडे लावली" असे आले, की जाऊन मोजायची. जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही याच काळात मागणी टाका: १२ जानेवारी २०१५पूर्वीच्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के आणि नंतरच्यांच्या १० टक्के रक्कम तिथे जमा होते. तिच्यातून पिण्याचे पाणी, आरोग्य अशा अग्रक्रमाच्या कामांना मोठा हिस्सा द्यावाच लागतो. आम्ही नळयोजना मागितली; विहिरींचे रजिस्टर तिथेही जोडले.

रजिस्टरची एक प्रत शाळेत, एक पंचायतीत आणि एक कोणाच्या तरी घरी कोरड्या जागी ठेवा. आमचे पहिले रजिस्टर २०२२च्या पुरात भिजले. मोबाईलमधल्या फोटोंवरून ते पुन्हा लिहून काढायला त्या बी.एस्सी.च्या पोरीला दिवाळीची पूर्ण सुट्टी लागली.